बाळाचं पहिलं हसू

डेन्व्हर, जून

माझ्या लाडक्या आईला लोरिंडाची घट्ट मिठी.

शनिवारी पोरांना घेऊन निघायचं ठरलंय. गाडीत पाण्याचे कॅन भरलेत, दर दोन तासांनी थांबू. थोरली शांदीन रोज कागदावर लाल खडूने तुझ्याकडचे खडक रंगवते. मलाही डोळे मिटले की ते खडक उतरत्या उन्हात मेंढ्यांसारखे हळूहळू घराकडे येताना दिसतात.

फोनवर तू म्हणालीस, "येऊ नका गं, मला आता धड दिसत नाही, पोरं कशी सांभाळू?" डोळ्यांत औषध घालतेस ना?

आपल्या रीतीप्रमाणे बाळाला पहिल्यांदा जो हसवेल त्यानेच मीठ वाटून सगळ्यांना जेवू घालायचं. तो मान तुला मिळावा, म्हणून आम्ही महिनाभर घरात तोंडं पाडून वावरतोय. तुझ्या जावयाला, विल्बरला, तर मी शिंकूही देत नाही.

आज तुझी आठवण आली, म्हणून फोनमधला तुझा जुना निरोप लावला. मध्येच तू ओरडलीस, "मेल्या बोकडा, सोड माझा रुमाल!" आणि बाळ खुदकन हसलं.

तूच हसवलंस त्याला. आता 'येऊ नका' म्हणायची सोय राहिली नाही, आई. मीठ काढून ठेव.

तुझीच,
लोरिंडा