छत्रीचा अल्बम

३ फेब्रुवारी

ती. वन्संना,
नमस्कार.

पत्र कुणाचं म्हणून तुम्ही आधी खाली सही बघाल, त्यापेक्षा वरच सांगते. मी तुमच्या धाकट्या भावाची बायको. आपण एकमेकींना एकदाच पाहिलंय, तेही कॅसेटच्या दुकानाच्या काचेतून. तुम्ही बाहेर रस्त्यावर, मी आत काउंटरमागे. तुम्ही आत आला नाहीत, आणि पुढे लग्नालाही आला नाहीत. आज तो विषय काढायचा नाही असं ठरवून बसलेय आणि पहिल्याच परिच्छेदात काढला. जित्याची खोड.

तुमची तब्येत बरी असेल. इकडे सगळं ठीक. ह्यांनी लिफ्ट कंपनीतलं काम सोडलं, जरा लवकरच. मी चष्म्याच्या दुकानात अजून जाते, अर्धा दिवस.

लिहायचं कारण तसं किरकोळ आहे. ह्यांचं आणि त्या गायिकेचं प्रकरण तुम्हाला ठाऊकच आहे, कारण सुरू तुम्हीच करून दिलंत. हे शाळेत असताना पहिली कॅसेट तुम्ही आणलीत, तेव्हापासून आजपर्यंत त्या बाईने ह्यांना सोडलं नाही. आमच्या घरात नुसतं 'ती' म्हटलं की ती. मी 'अगं'. मी तिला सवत म्हणते. हे म्हणतात, "एवढी गुणाची सवत कुणाला मिळते? तिला ऐकायला म्हणून तर मी वेळेवर घरी येतो."

दोन वर्षांपूर्वी तिचा आठवा अल्बम आला. नुसता पियानो आणि म्हातारा झालेला आवाज. मला वाटलं, हे नाक मुरडणार. तर हे ऐकता ऐकता रडले. म्हणाले, "अगं, आवाज खाली बसलाय, पण आता ती खोटं बोलत नाही." पुढे महिनाभर घरी येईल त्याला हे वाक्य ऐकावं लागलं, अगदी गॅसवाल्यालासुद्धा.

गेल्या महिन्यात मी तोच अल्बम लावला, तर म्हणाले, "कोण ही? तिची नक्कल करतेय कुणीतरी. बंद कर." मी म्हटलं, अहो, तिचाच आहे, आठवा. तर म्हणाले, "आठवा कुठला? तिचे सातच आहेत."

माणसाची मतं बदलतात, हे मला कळतं. पण ह्यांचं मत बदललेलं मी आजवर पाहिलेलं नाही. म्हणून तुम्हाला विचारते, लहानपणी कधी असे विसरायचे का?

उत्तर सवडीने द्या. नाही दिलंत तरी चालेल, सवय आहे.

तुमची, म्हणजे तुम्ही मानलंत तर,
भावजय


१९ मे

ती. वन्संना,
नमस्कार.

तुमचं कार्ड मिळालं. "डॉक्टर काय म्हणतात?" एवढंच. इतक्या वर्षांनी तीन शब्द, पण मुद्द्याचे. तुम्ही टेलिफोन ऑफिसात होतात, हे ऐकून होते. तिथे बहुतेक एवढंच बोलू देत असतील.

डॉक्टरांनी आजाराचं लांबलचक नाव सांगितलं. औषध दिलंय, पण ते न दिल्यासारखंच, हेही त्यांनीच सांगितलं. म्हणाले, नवीन आधी जातं, जुनं शेवटी. मी विचारलं, ओळीने जातं का? तर हसले. "इतकं शिस्तीत काही जात नाही, बाई."

डॉक्टर आमच्या घरी राहत नाहीत. आमच्या घरी ते शिस्तीतच जातंय. आधी आठवा गेला, मग सातवाही नकळत गेला, आणि आता सहावा.

सहावा म्हणजे ज्याच्यावर आरसा आहे तो. त्यात सगळं यंत्रावर वाजवलेलं आहे. "डब्यात खडे घालून हलवलेत," हे ह्यांचं मत. शिवाय त्यातली गाणी संपत नाहीत, हळूहळू आवाज बारीक होत जातो. त्यावर ह्यांचा फार राग. "गाणं कसं मजल्याच्या पातळीला येऊन थांबलं पाहिजे. इथे दोन मजल्यांच्या मधे लटकवून ठेवलंय. आतल्या माणसांनी काय करायचं?" अशी नावं ठेवायची, आणि दुसऱ्या कुणी नाव ठेवलं तर मात्र त्याच्या अंगावर जायचं. आमची मुलगी त्याच वर्षी झाली. तिला खांद्यावर टाकून हे त्याच खड्यांच्या तालावर झोपवायचे.

गेल्या आठवड्यात ती आली होती. ह्यांनीच दार उघडलं. "या, बसा. कुणाकडे आलात?"

"तुमच्याकडेच," पोरगी म्हणाली. हसून म्हणाली, माझी लेक ती. मग स्वयंपाकघरात आली आणि नळ सोडून उभी राहिली. भांडं एकही नव्हतं.

मला काय सुचलं कोण जाणे, मी आरशाचा अल्बम लावला. हे ताडकन उठून बसले. "अगं, नवीन आला? आणि मला सांगितलं नाहीस?" दोन गाणी डोळे मिटून ऐकली आणि म्हणाले, "डब्यात खडे." तोच सूर, तीच मान. पोरगी हसत सुटली. तिला वाटलं, बाबा परत आले. जाताना ह्यांनी तिला सांगितलं, "तुमच्या घरच्यांना नमस्कार सांगा."

एवढं कळलं, की गेलेलं परत येत नाही, पण नव्याने ऐकवता येतं. मी त्यालाच धरून आहे.

पाचवा आणि चौथा अजून शाबूत आहेत. मी रोज थोडे लावून बघते, उन्हाळ्यात दूध नासलंय का बघतात तसे. चौथ्याच्या आधी ह्यांच्या आयुष्यात मी नव्हते. चौथा ह्यांनी माझ्याकडूनच घेतला होता. पुढचं तुम्हाला कळतंय. माझ्याने लिहवत नाही.

तुमची,
भावजय


२ ऑगस्ट

वन्सं,

घाईत लिहितेय. पाचवा गेला. हे मला तुम्ही म्हणायला लागले.

"आज दुकानाला सुट्टी वाटतं तुमच्या?" सकाळी चहा दिला तेव्हा विचारलं. मी कपासकट तिथेच बसले. म्हणजे ओळखलंय मला, कॅसेटच्या दुकानातली मुलगी म्हणून. लाज सोडून सांगते, आठवडाभर मी हवेत होते. गुडघे दुखायचे थांबले. हे विचारायचे, तुमचं दुकान किती वाजता बंद होतं, आणि विचारताना कान लाल. ह्या वयात माझ्याच नवऱ्याने माझ्यावर लाइन मारली, आणि मी केसांना रंग लावून आले. हसा खुशाल.

मंगळवारी तुमचा फोन आला. तुम्ही नुसतं "हॅलो" म्हणालात आणि हे ओरडले, "ताई!" स्वतःच्या मुलीला न ओळखणारा माणूस. तुमच्याशी अर्धा तास कसे बोलले, ते तुम्ही ऐकलंच. नंतर काय झालं ते ऐका. फोन ठेवून माझ्याकडे आले आणि अगदी हळू, मला वाईट वाटू नये अशा बेताने म्हणाले, "ताई येईल आता कामावरून. तुम्ही इथे दिसलात तर तिला आवडायचं नाही. तुम्ही निघा."

मी पर्स घेतली आणि निघाले. जिन्यात बसून राहिले, आमच्याच मजल्यावर. लिफ्ट वर येई, दार उघडे, शेजारचे विचारत, "किल्ली विसरलात?" मी म्हणे, हो.

तुमचा दोष नाही. फोन करत राहा.

भावजय


२६ सप्टेंबर

ती. वन्संना,
नमस्कार.

शनिवारी येताय असं लिहिलंत. या. घर चौथ्या मजल्यावर आहे आणि लिफ्ट चालू आहे. तेवढं एक ह्यांच्या पुण्याईने कधी बंद पडत नाही.

येण्याआधी काही गोष्टी माहीत हव्यात. आता मी दुकानातलीही राहिलेली नाही. मला नुसतं "बाई" म्हणतात. "बाई, तुम्ही घरी कधी जाता?" बहुतेक कामाला ठेवलंय असं वाटतं. वागतात मात्र चांगले. परवा म्हणाले, "जेवलात का तुम्ही?" संसारात हा प्रश्न त्यांनी मला विचारल्याचं आठवत नाही.

आता तीन अल्बम उरलेत. बाकाचा, सायकलचा आणि लाल कोटाचा. तिन्ही तुम्ही आणलेले. दिवसभर तेच चालू असतात आणि मतंही तेव्हाचीच. बाकाच्या अल्बममध्ये ती घाबरून गाते, सायकलच्या अल्बममध्ये घाबरत नाही, आणि लाल कोटात तिला कळलंय की आपण चांगलं गातो, "त्यामुळे आता बिघडणार बघा, बाई. चौथा कसा निघतो ते बघायचं." मला सगळं पाठ झालंय. एक गोष्ट मी कुणाला सांगितलेली नाही. मला ती बाई कधीच आवडली नाही. आजही नाही.

चौथा ह्यांनी कसा घेतला, ते तुम्हाला कुणी सांगितलं नसेल. पहिला पगार खिशात घेऊन दुकानात आले. मी तो ऐकलाही नव्हता. येईल त्या गिऱ्हाइकाला म्हणते तसं म्हटलं, "नवीन आलाय. घ्या, चांगला आहे." दुसऱ्या दिवशी हे भांडायला हजर. "चांगला कशावरून? दुसऱ्या बाजूचं शेवटचं गाणं ऐकलंत का तुम्ही?" मी ठोकून दिलं, हो ऐकलं, तेच तर चांगलं आहे. मग रोज भांडायला यायला लागले. पुढे पुढे भांडायचंही विसरायचे, नुसतेच उभे राहायचे. एवढंच झालं आमचं. तुम्हाला वाटलं तसं मी काही जाळं टाकलं नव्हतं.

आरशाच्या अल्बमवर पोरगी कशी हसली होती, ते माझ्या डोक्यातून जात नव्हतं. सहावा नव्याने ऐकवता आला, तर चौथा का नाही? रविवारी जेवायचं टेबल रिकामं केलं. त्यावर जुन्या कॅसेटी उभ्या लावल्या. दुकानात बांधायचे तसे केस मागे बांधले, आणि टेबलाच्या पलीकडे जाऊन उभी राहिले. खोटं काय सांगू, लग्नाच्या दिवशीही एवढी घाबरले नव्हते.

हे खोलीतून आले आणि थबकले. हात मागे बांधले, गिऱ्हाईक उभं राहतं तसे. एकेक कॅसेट वाचत पुढे सरकले. मी छत्रीचा अल्बम पुढे केला.

"नवीन आलाय. घ्या, चांगला आहे."

वन्सं, त्यांचा चेहरा तुम्ही बघायला हवा होतात. "चौथा!" कॅसेट उलटी केली, डोळ्यांजवळ नेऊन गाण्यांची नावं वाचली. मी मनात म्हणत होते, आता विचारा, चांगला कशावरून. विचारा. एवढंच विचारा.

त्यांनी कॅसेट जपून परत टेबलावर ठेवली.

"ताईला विचारून सांगतो," म्हणाले. "आधीचे तिन्ही तिनेच आणलेत. तिला न विचारता घेतला तर तिला लागेल."

आणि जाऊन फोनजवळ बसले.

तेव्हा विचारलं नव्हतं. न विचारता घेतला, आणि तुम्हाला लागलं, ते आजपर्यंत. हे त्यांना इतकं आत ठाऊक होतं, याचा मला पत्ता नव्हता. माझ्याशी त्यांनी तुमचं नाव कधी काढलं नाही. मला वाटायचं, विसरले. बघा, विसरले नव्हते ते हे एकच.

तेव्हापासून रोज सकाळी मी टेबल मांडते. रोज "चौथा!" म्हणून तसेच फुलतात, आणि रोज ताईला विचारून सांगतो म्हणून कॅसेट परत ठेवतात. मी दुसरं बोलून पाहिलं, आधी ऐकवून पाहिलं. ऐकायलाही तयार नाहीत. विचारल्याशिवाय नाही.

तर शनिवारी. त्यांच्या ताईची वेणी काळी आहे आणि ती अजून तिशीचीही नाही. तुम्हाला बघून ते ओळखणार नाहीत, तेव्हा एकदम समोर येऊ नका, बाहेरूनच हाक मारा. तुमचा आवाज तेवढा तसाच राहिलाय. दार मी उघडते. ते तुम्हाला आत नेतील, टेबल दाखवतील आणि विचारतील, "ताई, चौथा आलाय. ही मुलगी चांगला आहे म्हणते. घेऊ का?" मुलगी म्हणतील की बाई म्हणतील, ते आता सांगता येत नाही.

याने काही होणार नाही, हे मला कळतं. तुम्ही काहीही म्हणालात तरी संध्याकाळपर्यंत त्यांच्या लक्षात राहणार नाही. डॉक्टर म्हणतात, वर्ष सरेपर्यंत लाल कोटही जाईल, मग चौथ्याची वाट बघणंही संपेल. मागचं मी काही उकरत नाही. माफी नको, आणि तुमचा भाऊ तुम्हाला परत मिळतोय याचा रागही नाही. थोडा आहे.

पण ते विचारतील तेव्हा मी टेबलाच्या पलीकडे उभी असेन. काचेतून एकदा बघितलंत तशी बघा माझ्याकडे हवं तर. आणि या वेळी हो म्हणा.

वाट बघते.

काउंटरमागची