सगळ्यांनी डोळे मिटले, तर पहाऱ्यावर कोण?

ऑर्ड, नेब्रास्का
मक्याची कापणी संपत आलीय, गुरुवार

तीर्थस्वरूप रोंडाताई यांस,

तुमच्या धाकट्या बहिणीच्या, मार्लाच्या, नवऱ्याचा, म्हणजे डॅरिनचा, लांबूनच पण वाकून नमस्कार. इकडे आम्ही खुशाल आहोत (खुशाल हा शब्द सवयीने लिहिला आहे, त्यावर फार भरवसा ठेवू नका). तुमच्या नव्या गुडघ्याने आता जिने चढता येतात का? आणि आमचे साडू जीनराव अजून डॉक्टरांना चोरून बेकन खातात का? खात असतील तर खाऊ द्या, माणसाला एखादं सुख लागतं. खरं तर फोनच करणार होतो, पण फोन उचलल्याबरोबर तुम्ही "आता काय केलंस?" असं विचारता, आणि मग मी काहीच केलेलं नसलं तरी मला केल्यासारखं वाटू लागतं. पत्रात निदान तुम्हाला मध्ये बोलता येत नाही. राग मानू नका.

मार्लाने तुम्हाला सांगितलं असेलच (ती तुम्हाला सगळं सांगते, मला उरलेलं सांगते) की आम्ही दोघं दर बुधवारी माजी सैनिकांच्या दवाखान्यात एका वर्गाला जातो. युद्धावरून परतलेले नवरे आणि त्यांच्या बायका, असा तो वर्ग आहे. हा वर्ग संपल्यावरही मी आहे तसाच राहिलो, तर मार्ला तुमच्या मागच्या खोलीत राहायला येणार. हे तिने ओरडून सांगितलं असतं तर मी घाबरलो नसतो. तिने ते दालचिनीचा रोल राजमा-खिम्याच्या चिलीत बुडवता बुडवता, अगदी हळू आवाजात सांगितलं आणि मग मला विचारलं की तुला आणखी वाढू का. तुम्ही त्या खोलीला नवे पडदे लावल्याचंही कळलं. चांगलेच असतील.

आता "आहे तसा" म्हणजे कसा, हे मला कोणी धड सांगत नाही. मी गाडी रस्त्याच्या मधोमध चालवतो हे कबूल. पण कडेला पडलेल्या कचऱ्यात काय फुटतं हे मी इराकमध्ये ट्रक चालवताना पाहिलंय, आणि आमच्या व्हॅली काउंटीतला कचरा वेगळा असतो हे डोक्याला पटतं, हातांना पटत नाही. चार जुलैला स्वातंत्र्यदिनाचे फटाके सुरू झाले की मी तळघरात जाऊन बसतो, ते कुत्र्याला भीती वाटते म्हणून (कुत्रा बहिरा आहे, हे मार्ला भेटेल त्याला मुद्दाम सांगते). हॉटेलात मी भिंतीची खुर्ची घेतो. आणि एकदा झोपेत मी तिचं मनगट असं धरलं की ते काळंनिळं झालं, तेव्हापासून मी बैठकीतल्या आरामखुर्चीत झोपतो. हे मी तिच्यासाठीच करतो. ती म्हणते, माझ्यासाठी करायचं तर एकदा मला विचारून कर. माझा गोंधळ इथून सुरू होतो.

तर तो वर्ग. शिकवणारी सिएरा नावाची मुलगी आहे, इतकं हळू बोलते की आमच्यातल्या निम्म्या लोकांना ऐकू येत नाही (तोफांजवळ नोकरी केली की कान जातात, हे तिला कोणी सांगायला हवं होतं). पहिल्या दिवशी तिने खुर्च्या छान गोल मांडल्या होत्या. आम्ही चौघं नवरे आत शिरलो आणि प्रत्येकाने आपापली खुर्ची उचलून मागच्या भिंतीला लावली, दार दिसेल अशी. बायकाही मुकाट्याने आपापल्या खुर्च्या घेऊन मागोमाग आल्या, कारण त्यांना हे घरचंच. मध्ये सिएरा एकटी उरली, आणि तिच्यासमोर आम्ही आठ जण एका ओळीत, ओळखपरेडीला उभे केल्यासारखे. ती म्हणाली, "छान! आपण... ओळीत बसू या." बिचारी वळणाची आहे.

या विद्येला सजगता म्हणतात. म्हणजे जे आत्ता चाललंय त्याकडे नीट लक्ष द्यायचं. मला हायसं वाटलं, कारण हे तर सैन्याने आधीच शिकवलंय, वर पगारही दिला. तिने विचारलं, या खोलीत तुझ्या काय लक्षात आलं? मी सांगितलं की खिडक्या उघडत नाहीत, मागच्या दाराची कडी अडकते, आणि बाहेर एक पांढरी व्हॅन मघापासून इंजिन चालू ठेवून उभी आहे, आत माणूस नाही. बाकीचे तिघं मान डोलवत होते, व्हॅन त्यांनीही पाहिली होती. मग ती म्हणाली, आणि मार्लाने आज कुठल्या रंगाचा स्वेटर घातलाय? मी म्हटलं, निळा. मार्लाने हिरवी बाही माझ्या नाकासमोर धरली. सिएराने विचारलं, बायकोकडे लक्ष कसं गेलं नाही? मी म्हटलं, "तिच्यापासून धोका नाही ना." रोंडाताई, शपथेवर सांगतो, मला चांगलंच म्हणायचं होतं. अख्ख्या जगात ज्या एका माणसावर मला नजर ठेवावी लागत नाही ती ही, असं काहीतरी. पण तोंडातून निघेपर्यंत ते उलटं झालं, आणि ओळीतल्या चारही बायकांनी एकमेकींकडे असं पाहिलं की त्यांचा सगळा वर्ग तिथेच आटोपला.

मनुक्याचं तर विचारूच नका. सिएराने प्रत्येकाच्या हातावर एकेक मनुका ठेवला आणि म्हणाली, याच्याकडे बघा, याला हुंगा, घाई करू नका. वेंडेलने (हा व्हिएतनामच्या लढाईतला, आमच्यात सर्वांत म्हातारा, दोन्ही डोळ्यांत मोतीबिंदू) तो केव्हाच गिळला होता. त्याची बायको पर्ल म्हणाली, "आमच्याकडे सणाच्या अख्ख्या टर्कीचंही असंच होतं."

पण खरी पंचाईत डोळ्यांची झाली. सिएरा म्हणाली, आता सगळ्यांनी डोळे मिटा आणि श्वासाकडे लक्ष द्या. तिने मिटले. बायकांनी मिटले. थोड्या वेळाने तिने एक डोळा किलकिला करून पाहिलं, तर आम्ही चौघं टक्क डोळ्यांनी दाराकडे बघत बसलेलो. वेंडेल खाकरला आणि म्हणाला, "पोरी, सगळ्यांनीच डोळे मिटले तर पहाऱ्यावर कोण?" आम्ही बाकीच्यांनी सुटकेचा श्वास सोडला, कारण इतक्या वेळात कोणीतरी पहिल्यांदा शहाणपणाचं बोललं होतं. ती म्हणाली, "इथे पहारा कशाला हवा, वेंडेल?" तो म्हणाला, "तेच तर. ठरवलेलाच नाही कोणी." मग तिथल्या तिथे पाळ्या लावल्या. एकाने जागं राहायचं, बाकीच्यांनी मिटायचे. सिएराने हे कुठल्या पुस्तकात वाचलेलं नसणार, पण तिने ते चालवून घेतलं आणि वर्ग सुरळीत चालू लागला.

माझा सोडून. कारण वेंडेल पहाऱ्यावर असला की त्याचे मोतीबिंदू माझ्या डोळ्यांसमोर येत. दुसरा नौदलातला, त्याला जमिनीवरचं काय कळणार? तिसरा चांगला आहे, पण मोबाइल बघतो. त्यामुळे दर बुधवारी पहारेकऱ्यावर पहारा ठेवायला मी जागा. हे मार्लाला कळत होतं.

काल पाळी नौदलाची होती, पण हरणांच्या शिकारीचे दिवस, तो आला नाही. आता कोण, असं चाललेलं असताना मार्लाने हात वर केला. "मी बसते." वेंडेल म्हणाला, "बाई, रागावू नका, पण तुम्हाला सवय आहे का?" मार्ला म्हणाली, "लग्न झाल्यापासून दुसरं काय करतेय मी?" आणि खुर्ची उचलून, दाराकडे तोंड करून, पर्स मांडीवर घेऊन बसली. मी डोळे मिटले. एक डोळा मधूनमधून उघडून पाहायचं असं ठरवलं होतं. पुढचं मला आठवतं ते वेळ संपल्याची घंटा वाजल्याचं. मी झोपलो होतो, रोंडाताई! दिवसाढवळ्या, परक्या माणसांत, तोंड उघडं टाकून. माझी लाळ वेंडेलच्या खांद्यावर होती आणि त्याने तो खांदा हलवला नव्हता.

आता मला सांगा, हे जमलं की बिघडलं? सिएरा म्हणते, इथे पास-नापास नसतं. (ज्या परीक्षेत पास-नापास नसतं तिच्यात मी आजवर नापासच होत आलोय.) मी जागा झालो तेव्हा मार्लाचे डोळे लाल होते. रडली होती हे उघड आहे, पण कुठल्या प्रकारचं रडणं, ते मला ओळखता येत नाही. वाटेत मी मधोमध गाडी चालवत होतो, त्यावरून तिने टोकलंही नाही. पेट्रोल भरताना माझ्यासाठी न मागता कॉफी घेऊन आली, आणि निरोपाला माणसं असंच करतात. आज सकाळी तिने कपाटावरची मोठी बॅग काढून पुसायला घेतली. मी विचारलं नाही. विचारलं आणि उत्तर मिळालं तर?

मला ती गेलेली सोसणार नाही. हे तिला सांगायला गेलो तर पुन्हा स्वेटरसारखं काहीतरी होईल, म्हणून तुम्हाला सांगतोय. जीनरावांना नमस्कार. काही कमीजास्त लिहिलं असेल तर ते माझं, बरं काही निघालं तर ते मार्लाच्या संगतीचं.

आपला,
डॅरिन

ता. क. जीनरावांना खेळण्यातल्या आगगाड्यांचा एवढा नाद, आणि बिचारे गॅरेजमध्ये थंडीत रूळ मांडून बसतात, हे माझ्याने बघवत नाही. माझ्याकडे चांगलं प्लायवुड पडून आहे. येत्या शनिवारी पिकअपमध्ये घालून आणतो आणि तुमच्या त्या मागच्या खोलीत या भिंतीपासून त्या भिंतीपर्यंत टेबल ठोकून देतो. एकदा बसवलं की हलायचं नाही. खाट मात्र बाहेर काढावी लागेल. पडदे राहू द्या.

पुन्हा ता. क. हे मार्लाला कळू देऊ नका. पाकिटावर तुमचा पत्ता तिच्याकडूनच लिहून घेतोय, मला पिनकोड पाठ नाही. ती पत्र वाचणार नाही, ती तशातली नाही.

ताई, पाकिटावर पत्ता लिहिता लिहिता मी हे वाचलं. दोनदा वाचलं. टेबल करू दे त्याला, पण चाकं लावून घे. बॅग मी थँक्सगिव्हिंगच्या सणासाठी काढलीय, आम्ही दोघं येतोय आणि मुक्कामाला येतोय. खाट भिंतीला टेकवून ठेव, दार दिसेल अशी. दोघांची. आणि डोळ्यांचं म्हणशील, तर मी रडले नव्हते गं. तो घोरायला लागला, ते ऐकता ऐकता माझाही डोळा लागला. किती वर्षांनी अशी गाढ झोपले! घंटेच्या आधी सिएराने मला हळूच हलवलं आणि तोंडावर बोट ठेवलं. तेवढा वेळ दाराकडे कोणीच बघत नव्हतं, आणि काहीही झालं नाही. त्याला एवढ्यात सांगू नकोस. पुढच्या बुधवारीही पहाऱ्यावर मार्लालाच बसवा, असं त्याने वेंडेलला फोन करून सांगितलंय.
— मार्ला