वाण परत घेत नाहीत

जाळीच्या दाराबाहेर तिघे बसले आहेत, चौथा फाटक उघडतो आहे. मी आतल्या खोलीला कडी घालून लिहिते आहे. पुतण्या जनार्दन दार वाजवतो आहे.

"काकू, पाच मिनिटं फक्त. ट्रस्टवाले आहेत."

"कसला ट्रस्ट?"

"गाईंचा."

"परवा येऊन गेले की."

"ते कबुतरांचे होते, काकू."

बसू देत त्यांना.

मी, यमुना सदाशिव टेंबे, वय त्रेसष्ट, विमा कंपनीतून निवृत्त झालेल्या कै. सदाशिव टेंबे यांची पत्नी, राहणार वैशाली नगर, जयपूर, हे मृत्युपत्र स्वतःच्या अक्षरात लिहीत आहे. डोकं ठिकाणावर आहे. गुडघे नाहीत, पण कायद्याला त्यांची गरज नाही. कोणाच्या दडपणाखाली लिहीत नाही. दडपण आणणारे बाहेर बसले आहेत. यापूर्वी मृत्युपत्र केलेलं नाही, कारण यापूर्वी माझ्या मरणात कोणाला रस नव्हता.

मालमत्ता कशी आली ते लिहावं, असं वकिलांचं म्हणणं. घर यजमानांनी बांधलं. बाकीचं विमल घोरपडेमुळे आलं.

विमल मागच्या गल्लीत राहते. मूळची कोल्हापूरकडची. तिचे यजमान सर्जेराव इथल्या छावणीतून निवृत्त झालेले सुभेदार. आमचे यजमान गेल्यावर चार वर्षं मला संक्रांतीच्या हळदीकुंकवाला कोणी बोलावलं नाही. मीही वाट पाहिली नाही. गेल्या संक्रांतीला विमल दारात उभी राहिली.

"चल की गं. पातळ बदल."

"मला कुठलं आता हळदीकुंकू? चालतं का ते?"

"चालतंय की. गुडघे दुखत असतील तर रिक्षा करू."

तिने भर बैठकीत मला कुंकू लावलं. दोन बायका पाणी प्यायला म्हणून उठल्या, त्या परत आल्या नाहीत. वाण म्हणून विमलने प्रत्येकीला लॉटरीचं एकेक तिकीट दिलं. आदल्या वर्षी तिला घरोघरी चहाच्या गाळण्याच मिळाल्या होत्या. सात गाळण्या घरात झाल्यावर तिने ठरवलं की आपण कोणाला भांडं देऊन छळायचं नाही.

माझ्या तिकिटाला पहिलं बक्षीस लागलं. पाच लाख.

रथसप्तमीच्या आत सगळ्या मराठी घरांतून मला हळदीकुंकवाची बोलावणी आली. पाणी प्यायला उठलेल्या दोघी तर रिक्षा घेऊनच आल्या. पाच लाखांना नवऱ्याची अट नसते, हे मला त्या वेळी समजलं. मराठी मंडळाने गणपतीत मला गायला लावलं. मला सूर नाही हे मंडळाला फार वर्षांपासून माहीत आहे. या वेळी वन्समोअर मिळाला. कोपऱ्यावरच्या भंवरलालने, ज्याच्या टपरीवरून तिकीट आलं होतं, माझा फोटो मिळवून तिथे टांगला आणि त्याला झेंडूचा हार घातला. मी हरकत घेतली. तो म्हणाला, "माताजी, शुभ होता है." लोक तिकिटं घेऊन घरी येतात आणि म्हणतात, "आंटीजी, बस हाथ लगा दो." मी लावते. आजवर कोणाला काही लागलेलं नाही. तरी येतात.

यायची थांबली ती एकटी विमल.

मी निम्म्या रकमेचा चेक घेऊन तिच्याकडे गेले. ती दाण्याचं कूट करत होती. तिने हात थांबवला नाही.

"वाण परत घेतात का कुठं? मग मलाबी सात गाळण्या परत करत हिंडावं लागंल."

"नको घेऊस. पण येत तरी जा."

"आले तर लोक म्हणतील, वाण वसूल करायला आली."

"म्हणू देत."

"तुला काय, तुझ्या फोटूला हार आहे. मला अजून ह्या गल्लीत ऱ्हायचंय."

तेव्हापासून तिने माझं फाटक उघडलेलं नाही. भाजीवाल्यापाशी भेटली की हात जोडून "नमस्कार" म्हणते. विमल मला नमस्कार म्हणते, ही गोष्ट मी कोर्टाच्या नजरेस आणून देते. पूर्वी ती मला "मेले, सरक" म्हणत असे.

आता वाटणी.

कलम एक. घर जनार्दनला. तो दिवाळीपासून इथे आहे. जयपूरची हवा मानवते म्हणतो. ती हिवाळ्यातली हवा आहे. म्हणून अट अशी की, ताबा घेण्यापूर्वी त्याने या घरात एक अख्खा मे महिना कूलरशिवाय काढावा. तो रोज माझं ब्लडप्रेशर विचारतो आणि चांगलं आहे म्हटलं की जरा गप्प होतो. तरी मुलगा वाईट नाही. बाहेर बसलेल्या सगळ्यांना चहा तोच करून देतो.

कलम दोन. पुरणयंत्र शेजारच्या प्रतिमा लेले हिला. त्याची बारीक जाळी पूर्वीच्या एका होळीपासून तिच्याकडेच आहे. दोघांची ताटातूट माझ्यानंतर संपावी.

कलम तीन. भंवरलालच्या टपरीतला फोटो तिथेच राहू द्यावा. हार आधीच घातलेला आहे. घरच्यांनी दुसरा करू नये.

कलम चार. यजमानांचा ओव्हरकोट सर्जेरावांना. तो त्यांना आवडतो, असं ते कधी म्हणाले नाहीत. फक्त आले की खुंटीकडे तोंड करून बसत.

कलम पाच. कर भरून बँकेत उरलेल्या रकमेपैकी निम्मी मराठी मंडळाला. व्याजातून दर संक्रांतीला हळदीकुंकू करावं. बोलावणी करताना नवऱ्यांची हजेरी घेऊ नये. वाण उपयोगी असावं. गाळणी नसावी. मला गायला लावल्याचा राग या रकमेतून वजा केलेला आहे.

कलम सहा. उरलेली निम्मी रक्कम विमल सर्जेराव घोरपडे हिला. हे वाण परत करणं नव्हे. वाण मला पुरलं. भर बैठकीत लावलेलं कुंकू हे ते वाण होतं, आणि ते मी कोणाला परत देणार नाही. हे पैसे त्याच्याबरोबर आले, एवढंच. जिवंतपणी देऊ केले तर ती भांडते. मेलेल्या बाईशी भांडता येत नाही. तेवढा फायदा मी घेते आहे.

वकील म्हणतात, ज्याला काही मिळायचं आहे त्याने साक्षीला सही करू नये, केली तर त्याचा वाटा वादात सापडतो. म्हणून विमलला साक्षीला बोलावलेलं नाही. प्रतिमाच्या बाबतीत पुरणयंत्र वादात सापडलं तरी चालेल. तिला मुद्दाम बोलावलं आहे. तिच्या पोटात गोष्ट राहत नाही. आज भोगी, संध्याकाळी ती सही करेल. उद्या संक्रांत, तिळगूळ घेऊन ती सगळ्यात आधी मागच्या गल्लीत जाईल. मी उद्या सकाळी गुडघे शेकत बाहेरच्या खोलीतच बसणार आहे. दाराला कडी नसेल.

वर लिहिलेलं मी पुन्हा वाचलं. खोडण्यासारखं काही सापडलं नाही. दोन्ही साक्षीदारांच्या देखत सही करते आहे. त्यांनीही माझ्या देखत करावी, ट्रस्टवाल्यांच्या नव्हे.

यमुना सदाशिव टेंबे

साक्षीदार:
१. प्रतिमा लेले, वैशाली नगर. (जाळी शोधते म्हणाली.)
२. वसंतराव दाणी, निवृत्त बँक अधिकारी, सी-स्कीम. (ऐकू कमी येतं. वाचता चांगलं येतं.)

वैशाली नगर, जयपूर
१३ जानेवारी १९८७

१४ जानेवारी. सकाळी सगळ्या गच्च्यांवर पतंग होते. विमल आली. मृत्युपत्र मागून घेतलं, उभ्यानेच शेवटपर्यंत वाचलं, जनार्दनच्या खिशातलं पेन काढलं आणि साक्षीदारांच्या दोन सह्यांखाली तिसरी केली. मग मला म्हणाली, "मेले, सरक." तिळगूळ दिला. गोड काही बोलली नाही. चहाला बसली.