मालिशीसाठी फक्त एक सही

ती. आत्यास,

शिरसाष्टांग नमस्कार. (साष्टांग कागदावरच. मला वाकायला बंदी आहे, कारण पुढे येतंच.) तुझी तब्येत कशी आहे? गुडघे, दात आणि जीभ तिन्ही शाबूत असतील, अशी आशा आहे.

मी पार हादरले आहे गं. चार महिने माझं ओटीपोट दुखतंय, हे तुला ठाऊकच आहे. शिलाई मशीनवर बसून बसून नस आखडलीय, तेल लावून जोरात दाब, हा तुझा हुकूम. माझा हात तुझ्यासारखा चालेना, म्हणून कोपऱ्यावरच्या मालीशवाल्या बाईंकडे गेले. तर बाईंनी तेलाच्या बाटलीआधी वही उघडली! ताप येतो का, अंगावरून अवेळी जातं का, पोटात गाठ लागते का? मी म्हटलं, बाई, मालीश करायचीय, लग्न जमवायचं नाहीये. बाई हसल्या, पण हात लावेनात. म्हणाल्या, "आधी डॉक्टरांची चिठ्ठी आणा."

माझा पारा चढला. तशीच तणतणत डॉक्टरीणबाईंकडे गेले आणि सांगितलं, "तपासू नका, फक्त सही करा." (माप न देता कोट मागणाऱ्या गिऱ्हाइकाला मी काय ऐकवते, ते तुला माहीत आहे. तेव्हा मात्र आठवलं नाही.) त्यांनी पेन खाली ठेवलं, तपासलं, सोनोग्राफी करायला लावली. अंडाशयावर गाठ निघाली, नऊ सेंटिमीटर! म्हणजे साडेतीन इंच. लहान मुलाच्या सदऱ्याला मी एवढाच खिसा लावते. बहुधा साधीच आहे म्हणाल्या, पण जोरात चोळली असती तर फुटलीही असती. माझ्या तोंडचं पाणी पळालं. चार महिने मी रोज तिथेच अंगठा रोवत होते, आत्या! आज एक काज धड झालं नाही.

तुझ्यावर राग नाही. आमची सगळ्यांची दुखणी तुझ्या हातांनी पळवली. हे मात्र तसं पळणारं नव्हतं.

तुझी,
शिवणवाली भाची

ता.क. : गुरुवारी ऑपरेशन आहे. उशाशी तूच हवीस. तेल घरी ठेवून ये.

आणखी ता.क. : वहीतला दुसरा प्रश्न ऐकल्यावर मला आधी तूच आठवलीस. पाळी जाऊन दहा वर्षं झाली, तरी तुझ्या अंगावरून पुन्हा जातंय, आणि तू उष्णता म्हणून कंबर चोळत बसली आहेस. डॉक्टरीणबाईंकडे बुधवारी तुझं नाव घातलंय, म्हणून एक दिवस आधीच ये. हवं तर फक्त सही मागून बघ. माझं ऐकलं नाही, तुझंही ऐकणार नाहीत.