वरचा चौकोन आधी

मी, चौकोन आणि रेघा काढून चिप रचण्याची चित्रभाषा यजमानांसोबत घडवणारी, पूर्ण शुद्धीत आणि कोणाच्याही दडपणाशिवाय हे लिहून ठेवते. उद्या सकाळी माझ्या हृदयाची शस्त्रक्रिया आहे. टेबलावरून उठले नाही, तर पुढीलप्रमाणे व्हावे.

राहते घर लेकीला. दुधाचा पोचे पडलेला टोप मात्र तिने टाकू नये.

माझे तिरके टेबल आणि पट्ट्या जाऊबाईंना. माझ्या आकृत्यांपाशी थांबून "किती नीटस गं!" म्हणणाऱ्या त्या एकट्याच. मिशनच्या शाळेत सिस्टर आमचे भरतकाम उलटे करून तपासायच्या, नीटसपणा तिथला.

चित्रभाषेची मालकी आणि चिपला मंजुरी देण्याचा अधिकार लेकीला. कारखान्यातले भागीदार म्हणून धाकटे दीर हक्क सांगतील, म्हणून कारण लिहिते.

आमच्या भाषेत एका रेघेवर दोन चौकोन असले, तर वरचा आधी चालतो. श्वासयंत्राच्या चिपमध्ये मी भोंगा मुद्दाम वर काढला. नळी सुटली की आधी भोंगा, मग नोंद. यजमान आजारी असताना तो भोंगा वाजला, नर्स धावत आली, आणि आम्हाला आणखी एक वर्ष मिळाले.

भावोजींनी आकृत्या प्रोग्रामकडून मजकुरात उतरवून घेतल्या. प्रोग्रामला वर-खाली कळत नाही. त्याने चौकोन अक्षरक्रमाने लावले. नोंद आधी, भोंगा नंतर. नोंदींची जागा भरलेली असेल, तर यंत्र तिथेच अडेल आणि भोंगा वाजणारच नाही.

"वहिनी, चाचण्या पास झाल्यात. तुमची चित्रकला आता पुरे."

"रिकाम्या यंत्रावर झाल्यात, भावोजी. भरलेल्यावर करा."

"उद्या ट्रक भरायचेत. एका चौकोनासाठी अडवून धरू?"

"धरा. त्या नळीच्या टोकाला माणूस असतो."

लेकी, नोंदींची जागा भर आणि नळी स्वतःच्या हाताने काढ. भोंगा वाजला, तर खुशाल सही कर आणि काकांची माझ्या वतीने माफी माग. नाही वाजला, तर एकही यंत्र हलू देऊ नकोस. (उद्या मला लावणार ते श्वासयंत्र जुन्या चिपचे आहे. विचारून घेतले.)

भावोजींना काही ठेवलेले नाही, ते रागाने नव्हे. वाटा घेणाऱ्याने साक्षीदार होऊ नये, आणि हे वाचून त्यांनी साक्षीदार म्हणून सही करावी अशी माझी इच्छा आहे.

ठिकाण: राहते घर, मागची खोली. रविवार.

सही: लिहून ठेवणारी

साक्षीदार: शेजारच्या डॉक्टरीणबाई

साक्षीदार: धाकटा दीर. वहिनी, तुम्हा दोघींना ताटकळत ठेवलं. वाचून आधी कारखान्यात गेलो होतो. जागा भरली, नळी काढली. काहीच वाजलं नाही. ट्रक नको म्हणून कळवलंय. उद्या उठा.