ठसका

आप्पा, आज दुपारी एक शिकाऊ डॉक्टरीण माझ्या टेबलाशी येऊन बसली. नव्या गोळीनं तिच्या एका पेशंटच्या तोंडाची चव गेलीय. असं आणखी कुणाला झालंय का, ते तिला शोधून हवं होतं. मेडिकल कॉलेजच्या लायब्ररीत इतकी वर्षं मी हेच करत आलोय. जगभरच्या डॉक्टरांचे लेख कॉम्प्युटरवर साठवलेले असतात. त्यात औषधाचं नाव टाकायचं, त्रासाचं नाव टाकायचं आणि समोर येईल त्या ढिगाऱ्यातून कामाचं तेवढं वेचायचं. पेशंट म्हणतो एक, कॉम्प्युटरला कळतं भलतंच. आता डोळे चुरचुरतात, पाठ धरते, रिटायरमेंटचे दिवस मोजतोय. ती पोरगी मधेच म्हणाली, "सर, पेशंट म्हणतो ते खरं धरूनच शोधायचं ना?" त्यानंतर माझं कामात लक्ष लागलं नाही.

आई गेल्यावर तुम्ही पिशोर गाव सोडून शहरात, उस्मानपुऱ्यात आमच्याकडे राहायला आलात. त्याच सुमारास तुम्हाला ब्लडप्रेशरची गोळी सुरू झाली आणि महिन्याभरात खोकला लागला. खोकला म्हटलं की तुम्ही चिडायचात. निजामाच्या काळात उर्दूत शिकलेले तुम्ही, प्रत्येक शब्द तोलून घेणार. "खोकला नाय रे, ठसका हाय. खोकल्याला कफ असतो, ह्यो कोरडा. त्या गोळीचा असर हाय ह्यो." मी खेकसलो, "आप्पा, डॉक्टर तुम्ही आहात का?" घरात वर्षाची नात. टीबी असला तर, या धास्तीनं मी तुमचं ताट आणि पेला वेगळा काढला. एक्स-रे साफ आला, तरी मी म्हटलं, ताट वेगळंच असू द्या. जेवण झालं की आपला पेला आपणच विसळून खिडकीत पालथा घालायचात. नात रांगत आली की पाय आखडून घ्यायचात. "सूनबाई, लेकराला तिकडं घ्या. परहेज पाळलेला बरा."

मग एकदा एका प्रोफेसरांसाठी मी त्याच गोळीची माहिती काढत होतो. त्यांना किडनीचं हवं होतं. ते झाल्यावर सहज, तुमच्यासाठी म्हणून, गोळीच्या नावापुढं खोकला टाकून पाहिलं. लेखामागून लेख आले. कोरडा, कफ नसलेला, गोळी थांबवली की थांबणारा. तुमचंच बोलणं, फक्त इंग्रजीत छापलेलं. त्यातला एक लेख मी कागदावर छापून घेतला.

तो कागद घेऊन मी डॉक्टरांकडे गेलो, त्यांनी गोळी बदलली. घरी तुम्हाला एवढंच सांगितलं की जुनी गोळी दुकानात मिळत नाही. माझं चुकलं म्हणायला जीभ रेटली नाही. तेव्हा मी शहागंजातून अडुळसा आणि ज्येष्ठमध आणून तुम्हाला काढाही देत होतो. दोन-तीन आठवड्यांत ठसका गेला आणि तुम्हाला वाटलं, काढ्यानं गेला. म्हणजे आपल्या छातीत काहीतरी होतंच, पुन्हा उलटू शकतं. म्हणून तुम्ही परहेज सोडला नाही. मी एक शब्द बोललो असतो, तर नात तुमच्या मांडीवर बसली असती. रोज वाटायचं, उद्या सांगू. दीड वर्षानं तुम्ही गेलात. तोवर ती पळायला लागली होती, आणि तुमच्यापासून लांब राहायचं हे तिला चांगलं कळलं होतं.

हे पत्र कुठं टाकणार? टाकायची सोय असती तर लिहिलंच नसतं. तुम्ही गल्लीत ज्याला त्याला सांगायचात, शेजारच्या चाचांना तर दहादा सांगितलंत, "गोळीला उगंच बदनाम केलं म्या. पोराच्या काढ्यानं गुण आला." चाचा माझ्याकडं बघून म्हणायचे, "बेटा हो तो ऐसा." मी मान खाली घालून हसायचो. आप्पा, ते ऐकायला मला आवडायचं.