डिझेलचा रॉड, पेट्रोलची पेटी

मंगळवार, संध्याकाळ

आज नव्या सुपरवायझरशी वाजलं. अजून डोकं तापलेलंच आहे.

आमच्या शेडमध्ये मोटारीच्या इंजिनातले रॉड येतात. आम्ही चौघी कानशीनं त्यांच्या कडा घासतो. ज्या मोटार कंपनीचं हे काम, तिची डिझेलची इंजिनं घोटीकडं बनतात आणि पेट्रोलची चाकणला, म्हणून पेट्याही दोन वाटांनी जातात. दिसायला रॉड सारखेच. पण डिझेलचा हाताला जड लागतो. अकरा वर्षं उचलतेय, मला कळणार नाय?

चाकणच्या टेम्पोत पेटी चढवताना वरचा रॉड सहज उचलला. जड! म्हटलं, "साहेब, हा डिझेलचा आहे. पेटी उतरवा."

तर म्हणतो, "मावशी, लेबल वाचता येतं का?"

सगळ्यांपुढं! सुनीता माझा पदर ओढत होती, गप बस म्हणून. चुकले असते तर उद्यापासून घरीच. पण चुकेन कशी? हाताला जड लागलं म्हणजे लागलं. "लेबल तुम्ही वाचा, मी रॉड उचलते," म्हटलं आणि टेम्पोपुढं उभीच राहिले.

शेवटी त्यानं काट्यावर ठेवला. डिझेलचाच निघाला. पेटी चाकणहून परत आली असती, तर आमच्या शेडचं कामच बंद झालं असतं.

मग जवळ येऊन हळूच म्हणतो, "मावशी, उद्यापासून पेटी बंद करायच्या आधी तुम्ही बघत जा."

म्हटलं, "बघीन. पण मघाशी मोठ्यानं विचारलंत ना? मग हेही मोठ्यानं सांगा."

सांगितलं बिचाऱ्यानं. सुनीता म्हणाली, "मशिनच्या आवाजात ऐकू नाय आलं, साहेब."

परत सांगितलं.